खारदांड्याहून लोहगडापर्यंत
(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



डोंगरातून व गडकिल्ल्यांच्या गावांतून सायकलीवर केलेल्या प्रवासाची हकीकत सांगावी म्हणून आज आम्हांस येथे उभे केले आहे. अध्यक्षांनी मोठ्या मनाने असे म्हटले की, सभा ही हकीकत ऐकण्यास उत्सुक आहे. परंतु समोर बसलेल्या चेहऱ्यांकडे पाहता निम्म्या मंडळींच्या मनात एकच प्रश्न दिसतो, आणि तो म्हणजे पोर पडले कसे. त्या प्रश्नास बगल देऊन आम्ही गडांची वर्णने करीत बसलो, तर ती गोष्ट आम्हांस शोभणार नाही आणि आपणांसही रुचणार नाही. मात्र पडण्याची हकीकत कळण्यासाठी निघण्याची हकीकत कळली पाहिजे. म्हणून थोडा धीर धरावा अशी विनंती आहे.

प्रथम वेळेविषयी. 'कोळ्यांना सायकलीवर फिरावयास सवड केव्हा मिळते?' असा प्रश्न आम्हांस बाहेरची मंडळी नेहमी विचारतात. सरकारी मासेमारी-बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, तेव्हा त्याच दोन महिन्यांत जावे असे त्यांस वाटते. परंतु सह्याद्रीच्या घाटात सायकलीवर जाण्यास याहून वाईट दिवस नाहीत. रस्त्यावर शेवाळ, अंगावर धुके, आणि दरडीचा नेम नाही. चौक गावावरून जाताना उजव्या-डाव्या हाताचा विचार करण्याआधीच इर्शाळगडाचा सुळका नजरेत भरतो. त्याच्याच कुशीतील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. तेथून जाताना आम्ही सायकलींवरून उतरलो व काही पावले चालत गेलो. असे करण्याचे कोणी ठरविले नव्हते.

तेव्हा पावसाळा नको. हिवाळ्यात तर धंदा जोरात. मग उरतात ते भांगाचे दिवस. डोल लावणाऱ्या घरांस हे सांगावयास नको, पण स्मरणिका वाचणाऱ्या नव्या पिढीतील काहींनी डोल पाहिलीही नसेल, म्हणून सांगतो. डोल ही पाण्याच्या ओढीवर भरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास ओढ मोठी, म्हणून काम मोठे. अष्टमीच्या सुमारास ओढ मंदावते, त्यास आपण भांग म्हणतो, आणि तेव्हा होड्या किनाऱ्यास लागतात, जाळी वाळतात व दोर तपासले जातात. चैत्र शुद्ध सप्तमीस एकवीरा आईची पालखी निघते, तीही नेमकी भांगाच्या तोंडावर. हा योगायोग की जुन्या लोकांची सोय, हे विद्वानांनी ठरवावे. आम्हांस मात्र त्यात सोय दिसते. आम्हीही तोच धडा गिरविला आणि डिसेंबर २०२५ मध्ये मार्गशीर्ष वद्य अष्टमीच्या सुमारास तीन दिवसांसाठी निघालो.

आम्ही एकंदर आठ जण होतो. तिघे पन्नाशी ओलांडलेले, ज्यांत एक तांडेल आणि आम्ही. तिघे नोकरदार तरुण. आणि दोन कॉलेजात जाणारी मुले, त्यांतील धाकटा सतरा वर्षांचा. आठांपैकी तीन सायकली गिअरच्या होत्या. उरलेल्या पाच त्याच जुन्या काळ्या, जड, ज्यांवरून आपल्या वाडीत बर्फाची लादी व डिझेलचे डबे वाहिले जात. अशा सायकलीच्या पुढील चाकास चव्वेचाळीस दाते आणि मागील चक्रीस अठरा असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात गाडी पाच मीटरांहून अधिक पुढे जाते. सपाटीवर हे सुख आहे, घाटात मात्र शिक्षा आहे. म्हणून आम्ही मागची चक्री काढून बावीस दात्यांची बसविली. फेऱ्यास सव्वाचार-साडेचार मीटर अंतर पडू लागले आणि गुडघ्यांवरील भार हलका झाला. हा खर्च किरकोळ आहे आणि ज्यास घाट चढावयाचा आहे त्याने तो अवश्य करावा.

चढाचा सराव कोठे करावा, हा प्रश्न दांड्यास पडत नाही. पाली हिल शेजारीच आहे. पंधरा दिवस पहाटे आम्ही ती टेकडी चढत-उतरत होतो. तेथील बंगल्यांच्या पहारेकऱ्यांनी प्रथम संशयाने पाहिले, नंतर रामराम करू लागले. एकदा तर एका पहारेकऱ्याने आमच्या तांडेलास, "काका, रोज काय पोहोचवायला येता?" असे विचारले. तांडेलाने गंभीरपणे उत्तर दिले, "स्वतःलाच."

सायकलीवर लांब जाणे हे काही नवीन वेड नव्हे, आणि मुंबईकरांस तर मुळीच नव्हे. याच शहरातून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये ती पुरी करून परतले. त्यांस वाळवंटे व बर्फाळ डोंगर लागले. आम्हांस लागला तो सायन-पनवेल रस्ता, आणि पहाटे चार वाजताही त्यावरील ट्रक पाहता, वाळवंट बरे असे आमच्यातील एकास वाटले.

खारहून धारावी, सायन, चेंबूर, मानखुर्द, आणि वाशीच्या पुलावरून खाडी. पुलावर अंमळ थांबून पाण्याकडे पाहिल्यावाचून आम्हां लोकांस पुढे जाववत नाही. ओहोटी लागली होती. बेलापूर, कळंबोली, पनवेल. येथे उजाडले. दक्षिणेस कर्नाळ्याचा अंगठा दिसू लागला आणि समोर प्रबळगडाचा पसरट माथा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलीस मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. आपला रस्ता जुना, पनवेल, चौक, खालापूर, खोपोली असा. चौकाच्या अलीकडे एका झाडाखाली बसून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. शेजारी थांबलेल्या एका ट्रकवाल्यास वास लागला, त्यासही दिली. तो सातारकडचा असून त्याने ती दोनदा मागून घेतली.

खोपोलीस पोहोचण्यास अकरा वाजले. या गावात नाना फडणविसांनी बांधविलेला मोठा तलाव व महादेवाचे मंदिर आहे. घाट चढण्यापूर्वी व उतरल्यावर माणसांनी व जनावरांनी विसावा घ्यावा, हा त्यामागील हेतू असावा. आम्ही तो पाळला. तलावाच्या पायऱ्यांवर बसून तांडेलाने उंबरखिंडीची गोष्ट मुलांस सांगितली. खोपोलीहून पालीच्या वाटेस ती खिंड लागते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजीमहाराजांनी तेथे कारतलबखानास गाठले. खान घाटमाथ्यावरून कुरवंड्याच्या वाटेने कोकणात उतरत होता; फौज मोठी, सामान फार, वाट अरुंद, दोहों बाजूंस रान. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. रायबागन नावाची शूर स्त्री त्याच्याबरोबर होती. तिच्या सल्ल्याने त्याने शरण जाऊन, सामान टाकून, आपली सुटका करून घेतली. ही गोष्ट ऐकून धाकट्याने आपल्या पाठीवरील पिशवी उघडली आणि दोन जाड पुस्तके व एक लोखंडी पाना खोपोलीतील ओळखीच्या दुकानात ठेवून दिला. इतिहासाचा इतका तत्काळ उपयोग आम्ही पूर्वी पाहिला नव्हता. तो पाना ठेवला नसता तर बरे झाले असते, हे पुढे कळेलच.

बोरघाटाविषयी काय सांगावे? गाडीरस्ता म्हणून तो १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या वेळी खुला झाला. रेल्वे वर चढली ती १८६३ साली. सदतीसास एक असा तिचा चढ, आणि तो बांधताना हजारो मजूर रोगराईने व अपघाताने मेले. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. घाटात ज्याचे देऊळ आहे तो शिंग्रोबा मात्र धनगर. वाट त्याने दाखविली आणि साहेबाने त्यास मारले, अशी कथा लोक सांगतात. आजही गाडीवाले त्यास पैसा टाकून पुढे जातात. आम्हीही टाकला. १८३० चा जुना पूल, ज्यास अमृतांजनाच्या जाहिरातीमुळे त्याचे नाव पडले होते, तो वाहतुकीस अडचण होते म्हणून एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. ज्यांनी लहानपणी एकवीरेस जाताना बसच्या खिडकीतून तो पाहिला, त्यांस त्या जागी चुकल्यासारखे होते.

खोपोली ते लोणावळे ही चढण साडेपाचशे मीटरांहून अधिक आहे. आम्हांस अडीच तास लागले, त्यांपैकी निदान एक तास आम्ही सायकली हाताने ढकलत होतो. यात लाज वाटावयाचे कारण नाही. होडी वाऱ्याविरुद्ध जात नसेल तर वल्ही मारावी लागतात, तसेच हे. खंडाळ्याच्या वर आल्यावर मागे वळून पाहिले. उल्हासेचे खोरे निळसर धुरात बुडालेले, पलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले, आणि सूर्य समुद्राच्या बाजूस कललेला. समुद्र तेथून दिसत नाही. तरीही आम्ही तिघे वडीलधारे त्या दिशेस पाहत उभे होतो, आणि वारा कोणता आहे याची चर्चा सुरू झाली.

वेहेरगावी मुक्काम झाला. ज्या घरी दांड्याची मंडळी पिढ्यान् पिढ्या उतरतात, त्या घरच्या आजींनी आठ सायकली पाहून कपाळास हात लावला, परंतु पाणी तापवून दिले. पहाटे आईचे दर्शन. पालखीच्या दिवशी जेथे पाय ठेवण्यास जागा नसते, तेथे त्या दिवशी गुरव, आम्ही आणि काही माकडे एवढेच होतो. एकवीरेचे देऊळ कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे; आपली माणसे देवीचे दर्शन घेऊन, नारळ फोडून खाली उतरतात आणि दहा पावलांवरील ते लेणे पुष्कळदा पाहतही नाहीत. आम्हीही चाळीस वर्षे पाहिले नव्हते, हे येथे कबूल करतो. भारतातील कोरीव चैत्यगृहांत हे सर्वांत मोठे. सुमारे चौदा मीटर उंचीच्या छतास लाकडी कमानी आहेत, त्या जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या. आपल्यातील एक तरुण होड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारांच्या घरचा. तो मान वर करून इतका वेळ उभा राहिला की त्यास हाक मारून आणावे लागले. "हे होडीच्या वाकांसारखेच आहे, फक्त उलटे," असे तो म्हणाला. लेण्यात दात्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरली आहेत. त्यांत एक गंधी आहे, एक सुतार आहे, कित्येक यवन आहेत, आणि एक सोपाऱ्याचा आहे. सोपारा म्हणजे आपल्या वसईपलीकडील नालासोपारा. तेव्हा किनाऱ्यावरून घाट चढून या डोंगरास येणारे आपण पहिले नव्हेत.

दर्शनानंतर मळवलीवरून भाज्यास आलो. भाज्याची लेणी कार्ल्याहूनही जुनी. तेथून वर चढणारा रस्ता कमी लांबीचा, परंतु बोरघाटाहून अवघड आहे. वळणे कोंबड्याच्या पायासारखी आणि कडेस सुटी खडी. गायमुख खिंडीत पोहोचल्यावर एका हातास विसापूर व दुसऱ्या हातास लोहगड. विसापूर उंचीने अधिक, पण मान लोहगडाचा. लोहगडवाडीत सायकली ठेवून पायऱ्या चढलो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक, आणि वाट अशी वळविलेली की खालून येणाऱ्यावर वरून सतत नजर राहावी. महाराजांनी हा गड १६४८ मध्ये घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या तेवीस किल्ल्यांत तो गेला, आणि १६७० मध्ये परत आला. उत्तर पेशवाईत नाना फडणविसांनी आपला खजिना येथे ठेविला. विंचुकाट्याच्या सोंडेवर जाऊन पवनेच्या धरणाचे पाणी, त्यापलीकडे तुंग व तिकोना पाहिले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत लोहगड आहे हे मुलांस ठाऊक होते. परंतु त्याच बारांत खांदेरी आहे, हे ऐकून ती चकित झाली. खांदेरी म्हणजे ज्याच्या वेताळास आपल्या होड्या जाता-येता हात जोडतात, ज्याचे दीपगृह १८६७ पासून आपल्या वाडवडिलांस वाट दाखवीत आले, तेच बेट. १६७९ मध्ये महाराजांनी ते बांधावयास घेतले तेव्हा मायनाक भंडारी व दौलतखान यांनी इंग्रजांशी झुंज घेतली ती याच पाण्यात. "मग आपण किल्ल्यावर रोजच जातो की," असे धाकटा म्हणाला. गडाच्या माथ्यावर बसून त्याने हे म्हटले तेव्हा आम्हांस जो आनंद झाला तो लपविण्याचे कारण नाही. या सहली आम्ही काढतो त्या अशाच एखाद्या वाक्यासाठी.

त्यानंतर दीड तासाने तो पडला.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो, आणि जे घडले ते जसेच्या तसे सांगतो.

गायमुख खिंडीतून भाज्याकडे उतरताना नियम असा ठरला होता की, पुढे तांडेल, मागे आम्ही, मध्ये मुले, आणि दोहोंत वीस पावलांचे अंतर. हा नियम पाळला गेला. मुलाने वेग वाढविला नव्हता, शर्यत लावली नव्हती, फोन हातात घेतला नव्हता. वाडीत या तिन्ही गोष्टी बोलल्या जात आहेत; त्या खोट्या आहेत. आम्ही त्याच्या मागे होतो व डोळ्यांनी पाहत होतो. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे त्याच्या पुढील ब्रेकची तार तुटली. उतारावर गाडीचा व माणसाचा भार पुढील चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचे बहुतेक काम पुढील ब्रेक करतो. तो गेल्यावर त्याने मागील ब्रेक दाबला; मागील चाक हलके होते, खडीवर ते घसरले, आणि तो उजव्या खांद्यावर आपटला. डोक्यास हेल्मेट होते. ते त्याच्या आईने हट्टाने विकत घेऊन दिले होते आणि त्यावर आता तीन बोटांएवढी भेग आहे.

भाज्याच्या एका दूधवाल्याने आपला टेम्पो रिकामा करून त्यास लोणावळ्यास दवाखान्यात नेले व पैसे घेतले नाहीत. गळ्याजवळचे, ज्यास डॉक्टर कॉलरबोन म्हणतात, ते हाड मोडले होते. सहा आठवडे हात झोळीत राहिला. आता तो बरा आहे आणि आज दुसऱ्या रांगेत बसला आहे. त्याच्याकडे सर्वांनी एकदम वळून पाहू नये, त्यास संकोच होतो.

तार का तुटली? ही तार आम्ही घरी आणून, वरचे आवरण चिरून पाहिली. दिसणारा भाग स्वच्छ होता, तेल घातलेला होता. परंतु आवरणाच्या आत, हँडलजवळ जेथे ती वाकते, तेथे गंजाने तिचे धागे एकेक करून केव्हाच तुटले होते. उरलेल्या दोन-तीन धाग्यांवर मुलाने बोरघाट चढला, पाली हिल पंधरा वेळा उतरला, आणि त्यांनी शेवटचा दम भाज्याच्या घाटात सोडला. आपल्या वाडीतील हवा खारी आहे. लोखंडी खिळा आपल्याकडे एका पावसात गंजतो. हे आम्हांस ठाऊक नाही असे कोण म्हणेल? खोपोलीस जो पाना ठेवून दिला गेला, तो बरोबर असता आणि वेहेरगावी रात्री तारा सोडवून पाहिल्या असत्या, तर दोष दिसला असता. पाना मुलाने ठेवला, पण 'हलके कर' असे त्यास आम्हीच म्हटले होते. निघण्यापूर्वी चाके पाहिली, साखळ्या पाहिल्या, चक्र्या बदलल्या. रबर दाबून पाहिले. तारा बाहेरूनच पाहिल्या. ही चूक मुलाची नव्हे. सायकल दुरुस्त करणाऱ्याचीही नव्हे, कारण त्यास आम्ही तारांचे काम सांगितलेच नव्हते. ती आमची आहे.

आम्ही दवाखान्यातून मुलाच्या घरी आलो, तेव्हा त्याची आई खारच्या बाजारातून नुकतीच परतली होती. पाटी अजून दारात होती. तिने आरडाओरड केली नाही. मुलाकडे पाहिले, झोळी पाहिली, मग आमच्याकडे वळून म्हणाली, "भावोजी, होडीचा दोर तुम्ही दर भांगाला हाताखालून काढता. पोराच्या गाडीची तार का नाही काढलीत?"

या प्रश्नास आमच्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते, आजही नाही. शब्द अन् शब्द खरा होता. समुद्रावर ज्या दोरास जीव बांधलेला आहे तो पाहताना आपला हात कधी आळसत नाही. जमिनीवर आलो की आपण गाफील होतो, जणू काही बुडणे पाण्यातच असते. चिरलेली तार आम्ही बरोबर आणली आहे. सभेनंतर ती या टेबलावर राहील. प्रत्येक घरच्या मुलाने ती बोटाने चाचपून पाहावी.

कार्यकारिणीपुढे सहली बंद कराव्यात असा ठराव आला आहे. ज्यांनी तो मांडला त्यांच्या हेतूविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. त्यांतील एकाच्या घरचा मुलगा रस्त्यावरच गेलेला आहे, आणि त्यांच्यापुढे आम्ही वाद घालणार नाही. इतकेच निवेदन करतो की, आपल्या वाडीतील मुलांनी सायकल सोडलेली नाही. ती सांजसकाळ लिंकिंग रोडवर, मोटारींच्या मधून, त्याच गंजलेल्या तारांवर जात आहेत. फरक एवढाच की तेथे त्यांच्या मागे वीस पावलांवर कोणी नसते. सहल बंद केल्याने ती तार धरणार नाही. ठरावास आम्ही एक उपसूचना दिली आहे: ज्याची सायकल तारा सोडवून तपासली गेली नाही, त्यास नेऊ नये, सतरा वर्षांच्या आतील मुलामागे एक वडीलधारा असावा, आणि घाट उतरताना, चढताना नव्हे, अवघड वळणे सर्वांनी पायी उतरावीत. शेवटची सूचना तरुणांस आवडलेली नाही. तिच्यावर त्यांनी अवश्य बोलावे.

एक गोष्ट राहिली. अपघातानंतर उरलेल्या सहा जणांनी काय केले, असे काहींनी विचारले. आम्ही मुलाबरोबर गाडीने परतलो. ते सहा जण दुसऱ्या दिवशी बोरघाट उतरून आले, आणि प्रत्येकाने उतरण्यापूर्वी खंडाळ्यास आपली तार सोडवून पाहिली. एकाची निम्मी तुटलेली निघाली. त्याने सायकल रेल्वेच्या सामानडब्यातून आणली.

सभा ठरावाचा निर्णय काहीही देवो, तारांची तपासणी थांबणार नाही. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता बंदरावर, जाळी वाळत घालतो त्या जागी, दोन मिस्त्री व आम्ही बसणार आहोत. ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांनी ती आणावी. मुलींच्याही आणाव्यात, त्या आता मुलांहून अधिक आहेत. नव्या तारा घाऊक भावाने आणून ठेवल्या आहेत, त्यांचे पैसे मुलाच्या आईने परस्पर दिले आणि आम्हांस ते नंतर समजले. ठराव आपल्या बाजूने झाला, तर पुढील भांगास वसईचा किल्ला. तेथे घाट नाही. मुलाने नाव दिले आहे. त्याच्या आईनेही दिले आहे, आणि ती सायकल शिकत आहे.